रंग सोडणाऱ्या चिंध्या

आमच्या शेजारच्या काकी गोधड्या शिवतात. वाडीतल्या जुन्या कपड्यांचे तुकडे त्यांच्याकडे येतात आणि काकी ते रंग बघून नाही, स्वभाव बघून लावतात. मऊ एका डब्यात, ताठ दुसऱ्यात. तिसरा डबा रंग सोडणाऱ्यांचा. दुपारी तुकडा ओला करायचा, पांढऱ्या फडक्यात दाबायचा आणि फडक्याला काय लागलं ते बघायचं. बोलतात अशा, जणू मुलींची स्थळं ठरवतायत. "ही गरीब हाय, कुठंही नांदंल."

माझ्या लाल ओढणीचा तुकडा मात्र कितीही धुतला तरी फडकं लाल करायचा.

"टाकून द्या ना काकी," मी म्हटलं.

"टाकू कशी गो? पण लोकांच्या गोधडीत घालायची नाय. बाकीच्यांना बिघडवील."

काकींच्या पांढऱ्या पोलक्यावर, खांद्यापाशी, नेहमी गुलाबी डाग असायचे. इतकं सुबक शिवणारी बाई स्वतः अशी गबाळी कशी, असं मला वाटायचं. विचारलं मात्र कधी नाही.

पावसाळा सरल्यावर काकींनी गोधड्या कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर उन्हात टाकल्या. शेवटची त्यांच्या स्वतःच्या अंथरुणातली होती. तिच्यातला एकही तुकडा धड आपल्या रंगाचा राहिला नव्हता. निळा पिवळ्यात उतरला होता आणि मधोमध असलेली माझी ओढणी सगळीकडे पसरली होती.

मी बघत राहिले तशी काकी गोधडी झटकत म्हणाल्या, "ह्यांना दुसरं कोण घेणार गो? रंग लागला तर मलाच लागंल."