कुंदाताईंकडून राहिलेला फोटो

कुंदाताई कॉम्प्युटरसमोर सलग दहा मिनिटं बसल्याचं मी कधी पाहिलं नाही. माउस सोडायच्या, पडदा सारून थेट रस्त्यावर जायच्या, येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे निरखायच्या आणि परत येऊन स्वतःच केलेलं काहीतरी पुसून टाकायच्या. मलाही तेच करायला लावायच्या.

"मॅडम, उठा. बाजारात जाऊन तीन तोंडं बगून या. मंग हात लावा."

मी वैतागायचे. हातातलं काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही.

"स्क्रीनकडं बगत बसलं की सगल्यांची कातडी खराब दिसते," त्या म्हणायच्या. "भायेर गेलं की कलतं, कातडी अशीच असते."

मी नोकरी सोडून बारशांचे, साठीशांतीचे फोटो काढायला लागले होते. फोटो बरे यायचे, पण चेहऱ्यावरचे डाग पुसायला बसले की माणूसच पुसला जायचा. म्हणून नवीन पनवेलहून रोज सकाळी जुन्या पनवेलमधल्या त्यांच्या स्टुडिओत शिकायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी मी उजळलेला एक चेहरा त्यांनी मान तिरकी करून पाहिला.

"बाई कुटाय ह्यात? ही तर पुट्टी मारलेली भिंत. उलव्याला जावा, तिकडं लई बिल्डिंगी हायत."

त्या उरणकडच्या कोळीवाड्यातल्या. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या भरायचं काम तरुणपणीच शिकलेल्या. कॉम्प्युटर आला तरी हात तोच राहिला, हलका. सुरकुती घालवायची नाही, निम्मी ठेवायची. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराशुभ्र करायचा नाही. कुणी गेलं की घरचे ओळखपत्रावरचा अंधुक फोटो घेऊन यायचे, आणि दशक्रियेला पाटावर ठेवण्याजोगा चेहरा त्या तासाभरात उभा करायच्या. अशी कितीतरी माणसं त्यांनी हाराखाली नेऊन ठेवली. स्वतःच्या नवऱ्याला मात्र नाही.

दामू नऊ वर्षांपूर्वी मासेमारीला गेला. बोट सापडली, तो सापडला नाही. कुंदाताईंनी मंगळसूत्र काढलं नाही, दिवस केले नाहीत. त्यांची सासू महिन्या-दोन महिन्यांनी पिशवीत सुकी मासळी घेऊन यायची, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायची आणि फोटोचं विचारायची. कुंदाताई "बगू" म्हणायच्या आणि रस्त्यावर निघून जायच्या.

त्या भाद्रपदात म्हातारी आली ती तपासण्यांची फाइल घेऊन. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं.

"कुंदे, सर्वपित्रीला दामूचे दिवस करायचे. मी टेबलावर गेले नि उटले नाय, तर पोराला पानी कोन देल? पाटावर ठेवायला फोटो दे."

"बगू, आई."

"नऊ वरसं बगतेस."

या वेळी कुंदाताई बाहेर गेल्या नाहीत. ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढे ठेवला. "हा तुमी करा. मला दाखवू नका."

फोटो बोटीवरचा, भावाभावांचा. दामूचा चेहरा नखाएवढा, टोपीच्या सावलीत अर्धा बुडालेला, उन्हाने डोळे किलकिले. अमावास्येला चार दिवस होते. सावली उचलून चेहरा उजळला, गालाची कड पुन्हा काढली. डोळे काही केल्या उघडेनात. तेव्हा शेजारी उभ्या धाकट्या भावाचे डोळे उचलले आणि दामूला बसवले. ही युक्ती मला कुंदाताईंनीच शिकवली होती. लग्नाच्या फोटोत कुणी डोळे मिटले की भावंडांचे बसवायचे, कुणाच्या लक्षात येत नाही. मी खूश होते. त्यांना दाखवायला गेले तर त्यांनी तोंड फिरवलं. मी केलेली प्रत्येक सुरकुती तपासणारी बाई न बघता म्हणाली, "छापा."

तिसऱ्या दिवशी म्हातारी आली. प्रिंट हातात घेतली, दाराशी उजेडात नेली आणि माझ्या मांडीवर टाकली.

"हे डोले बाल्याचे."

मी काहीतरी सांगू लागले.

"बाल्या जिता हाय, बाई. जित्या पोराचे डोले हाराखाली ठेवू? तुमच्यात ठेवतात?"

जिवंत माणूस आणि गेलेला माणूस यांच्यातली रेघ मी पुसली होती, आणि मला ते कळलंही नव्हतं. कुंदाताईंनी प्रिंट उचलली. पहिल्यांदाच बघितली.

"ह्यांची चूक नाय, आई. शिकवलं मी. बगायचं काम माजं होतं, मी बगितलं नाय."

माझ्या खुर्चीत बसून त्यांनी मी केलेली फाइल उघडली. मी बसवलेले डोळे काढून टाकले. सावली मी उचलली होती त्याच्या निम्मी उचलली. किलकिले डोळे तसेच ठेवून पापण्यांखाली उजेडाची एक बारीक रेघ दिली. मी मागे उभी होते, म्हातारी त्यांच्या खांद्याशी.

"मिशी काली केलीस."

"कालीच होती."

"डाव्या अंगाला पांडरी होती. तुला काय ठावं, तो तुज्याकडं कलप लावून यायचा."

"कलप मीच आनून द्यायचे, आई."

"मंग कर पांडरी."

"थोडी करते."

"थोडी नाय. होती तेवडी कर."

दोघी बराच वेळ मिशीवरून भांडल्या. आजवर त्यांना दामूविषयी "बगू"च्या पलीकडे बोलताना मी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हातारीने स्क्रीनवर बोट टेकवलं आणि मान डोलावली. कुंदाताईंनी फाइल छपाईला लावली आणि मला फ्रेमवाल्याला फोन करायला सांगितलं.

"बारा बाय पंधरा सांगा," त्या म्हणाल्या. "नि मागनं पक्की बंद करून दे म्हनावं. घरात खारा वारा येतो, फोटो टिकायला पायजे."