मागचं गोरं बिऱ्हाड

महाबळेश्वरात चार दिवस येणारी माणसं म्हणतात, काय हवा आहे हो तुमच्याकडे! पावसाळाभर राहणारं कुणी असलं काही म्हणत नाही. मी मूळची सांगलीची. तिकडे वैशाखात रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि त्या चटक्याची आठवण काढत मी इथं संसार केला. लग्न होऊन आले त्या पहिल्याच पावसाळ्यात माझ्या शालूला बुरशी आली. सासूबाई म्हणाल्या, होतं असं. तेव्हापासून माझा या गावावर राग आहे आणि तो मी लपवत नाही. दुरून डोंगर साजरे असं ज्यानं म्हटलं, तो नक्की इथं एक आषाढ काढून गेला असणार.

त्यामुळे आमच्या मागच्या घरात एक इंग्रज जोडपं भाड्यानं राहायला येणार म्हटल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "आवं, हितला पाऊस त्यांना कुनी सांगितलाय का?"

नवरा टॅक्सी चालवतो. हिवाळ्यात त्यानंच त्या दोघांना गाव फिरवून दाखवलं होतं. तो म्हणाला, "अगं, विलायतेची मानसं ती. त्यांना थंडीचं काय कौतिक?"

विलायतेची म्हणायची, पण पंचवीसेक वर्षं ती आखातातल्या एका शहरात राहिली होती. साहेब तिथं शाळेत पियानो शिकवायचे. तिथल्या उन्हाला आणि रात्रंदिवस चालणाऱ्या एसीला ते इतके विटले, की थंड हवेचं गाव हेच त्यांचं वेड होऊन बसलं. पाचगणीतल्या एका शाळेत त्यांनी नोकरी मिळवली आणि राहायला मात्र आणखी वर, आमच्याकडे आले. मॅडमना यायचंच नव्हतं. त्यांची बहीण इंग्लंडात समुद्राकाठी राहते, तिच्या शेजारी घर घ्यायचं त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मोसमात आमच्याकडे लॉजिंगला उतरणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून माझं इंग्रजी बऱ्यापैकी रुळलेलं, त्यामुळे आमचं जमायचं. "हा सगळा याचा हट्ट," त्या म्हणाल्या. "मी फक्त पेट्या भरल्या." मला त्या बाईबद्दल एकदम माया वाटली. मीही इथं दुसऱ्याच्याच मर्जीनं आले होते.

माया वाटली तरी माझं एक चुकलं. एकदा कांद्याची भजी केली आणि ताटली घेऊन सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. मॅडमनी भजी घेतली, तोंड भरून कौतुक केलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, पुढच्या वेळी आधी फोन कराल का?" आपल्याच घरात मला असं कुणी म्हणावं! मी हो म्हटलं, पण मनात धुमसत राहिले. त्यानंतर बोलावल्याशिवाय त्या घरात पाऊल टाकायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

मृग लागला तशी दोघं हबकली. थंडी त्यांना माहीत होती, पण ती घराबाहेरची. त्यांच्या देशात भिंतीला लावलेल्या नळ्यांतून गरम पाणी फिरतं, बाहेर कितीही गारठा असो, आत माणूस सदऱ्यावर बसतो. आमच्याकडे आत-बाहेर एकच. अंथरूण दमट, मीठ पाणावलेलं, माचिस पेटत नाही, चार दिवस ऊन नाही, मग आठ दिवस नाही, मग ऊन कसं असतं हेच विसरायला होतं. साहेबांच्या पियानोच्या पट्ट्या फुगून अडकायला लागल्या. तो माणूस मात्र हार मानायला तयार नव्हता. त्यांनी खिडक्यांच्या फटींवर खाकी चिकटपट्टी लावली. दाराखाली टॉवेलची गुंडाळी सारली. सगळं घर त्यांनी डबा बंद करावा तसं बंद केलं आणि विजेचे दोन हीटर लावले.

आम्ही घर झाकतो ते बाहेरून, गवताच्या ताट्यांनी नाहीतर प्लॅस्टिकनं. आत हवा खेळती ठेवतो. आणि कोळशाची शेगडी असते व्हरांड्यात. तिच्यावर बांबूची मोठी टोपली उलटी घालायची आणि वर ओले कपडे पसरायचे. फारच काकडलं आणि शेगडी आत घेतली तर खिडकी उघडी ठेवायची. नाहीतर कोळशाचा वायू कोंडतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. साहेबांनी बाजारातून शेगडी आणली त्याच दिवशी मी हे दोघांनाही बजावलं.

साहेब हसले. म्हणाले, "ताई, मी बर्फात वाढलोय. थंडीचं मला नका शिकवू."

मॅडम हसल्या नाहीत. त्या शेगडीकडे बघत राहिल्या.

श्रावणात पंचमीला मी माहेरी जाते. सासरी सगळं सहन करेन, पण पंचमीला सांगलीत माझ्या भावाच्या दारातला झोका मला हवाच असतो. त्या वर्षीही आदल्या दिवशी पिशवी भरून स्टँडवर गेले. तिथं कळलं की पसरणी घाटात दरड आली आहे, वाईकडे एकही गाडी सुटणार नाही. शाळांनाही सुट्टी दिली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच भिजत, दरडीला आणि या गावाला शिव्या घालत परत आले.

वीज सकाळपासूनच गेली होती. दुपार टळून गेली होती, तरी धुक्यामुळे चार हातांवरचं दिसत नव्हतं. मी मागच्या बाजूला पिशवी झटकायला गेले आणि सवयीनं त्यांच्या व्हरांड्याकडे पाहिलं. टोपली आडवी पडली होती. ओले मोजे फरशीवर पडले होते. शेगडी नव्हती.

मी तिथंच थबकले. वीज नाही म्हणजे हीटर बंद. साहेब घरी. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते हमखास पियानोशी झटापट करत बसायचे, आणि आज आत चिटपाखरूही नसल्यासारखं सामसूम होतं. मी फोन लावला. आत कुठंतरी तो वाजत होता, मला बाहेर ऐकू येत होता. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

नवरा खिडकीतून म्हणाला, "झोपली असतील गं. मागं बोलल्या हुत्या न्हवं तुला? आता परत कशाला?"

खरं सांगते, तेवढ्यावर माझा पाय अडला. ताटली घेऊन उभी राहिले होते तेव्हाचा तो हळू आवाज मला आठवला. समजा दोघं खरंच पांघरूण घेऊन झोपली असतील आणि मी आत घुसले तर? मग वाटलं, घुसले तर घुसले, फार तर घर सोडून जातील. मी दार ठोठावलं. मूठ दुखेपर्यंत ठोठावलं. दाराला आतून कडी होती. खिडकीशी गेले तर काच आतून घामेजलेली, काही दिसेना. माझी पाचावर धारण बसली. धावत घरात गेले, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि तो सरळ त्यांच्या खिडकीवर घातला.

"आवं, या हिकडं! पळत या!" मी ओरडले, तेव्हा कुठं नवरा बाहेर आला. त्यानं फुटक्या काचेतून हात घालून खिडकी उघडली आणि आत उडी मारून दाराची कडी काढली.

साहेब पलंगावर होते. चेहरा गुलाबी, छान झोप लागलेल्या माणसाचा. त्याच गुलाबीपणाची मला भीती वाटली. पलंगाशेजारी शेगडी होती, निखारे अजून लाल होते. मॅडम स्वयंपाकघरात जमिनीवर सापडल्या. तिथं भिंतीतल्या धूर काढायच्या पंख्याच्या भोकातून थोडी हवा येत होती, तेवढ्यावर त्या तगल्या होत्या. ओकाऱ्या काढत होत्या, पण शुद्धीवर होत्या. आम्ही दोघांना ओढत बाहेर आणलं. मुसळधार पावसात, व्हरांड्याच्या कडेला, मी साहेबांच्या गालांवर थपडा मारत होते. त्यांचा श्वास चालू होता, डोळे उघडत नव्हते. हाक मारावी तर आजूबाजूची सगळी बिऱ्हाडं पावसाळ्यापुरती खाली गेलेली.

गावातल्या दवाखान्यात दोघांनाही ऑक्सिजन लावला; मॅडम सावरल्या, साहेब काही जागे होईनात. डॉक्टर म्हणाले, साताऱ्याला न्या, लगेच न्या. अँब्युलन्स दरडीच्या पलीकडे अडकली होती. नवऱ्यानं टॅक्सी काढली. पसरणीचा रस्ता बंद, म्हणून केळघरचा घाट उतरून मेढ्यावरून जायचं ठरलं. पुढच्या सीटवर दवाखान्यातली नर्स, मागं सिलिंडर, आडवे साहेब, त्यांचं डोकं मॅडमच्या मांडीवर, आणि पायाशी मुटकुळं करून मी. धुक्यात रस्त्याची पांढरी पट्टीसुद्धा दिसत नव्हती. प्रत्येक वळणाला नवरा काच खाली करून मान बाहेर काढायचा. रस्त्यावर दगड आलेले. मी तोंडानं देवाचं नाव घेत होते आणि डोळे साहेबांच्या छातीवर होते, वर होते का, खाली होते का.

मॅडम रडत नव्हत्या. दात आवळून बोलत होत्या. "मी म्हटलं होतं, एक खिडकी उघड. म्हणाला, थोडा वेळ थांब, खोली तापू दे. ताई, सगळं आयुष्य मी याचं ऐकलं. याला वाळवंट हवं होतं, मी गेले. याला डोंगर हवा होता, मी आले. हा जगला ना, तर मी याला कधी माफ करणार नाही."

मी म्हटलं, "नका करू. आधी जगू दे."

साताऱ्याच्या दवाखान्यात ती रात्र बाकावर बसून काढली. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, जिवाचा धोका टळला आहे. पण वायूचा परिणाम मेंदूवर झाला आहे, काय गेलं आणि काय राहिलं ते जाग आल्यावरच कळेल. एवढंच बघा, त्यांना धक्का बसेल, मनाला लागेल असं काही बोलू नका. मॅडमनी मान हलवली. पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या. त्यांना सोबत म्हणून मी शेजारी उभी राहिले.

साहेबांनी डोळे उघडले, मॅडमना पाहिलं, ओळखलं. माझा जीव भांड्यात पडला. मग ते कण्हत म्हणाले, "एसी बंद कर ना. किती गार केलंयस."

त्या वॉर्डात एसी नव्हता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"आपण भारतात आहोत," त्या सावकाश म्हणाल्या. "साताऱ्यात, दवाखान्यात. डोंगरावरच्या घरात राहतो आपण. या ताई, घरमालकीण."

साहेबांनी मला निरखून पाहिलं. सहा-सात महिने रोज मला नमस्ते म्हणणारा माणूस, पण मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते खिडकीतला पाऊस बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत भीती दिसायला लागली. "भारतात कशाला?" ते म्हणाले. "आपलं तर अजून काही ठरलंच नव्हतं. तू बहिणीकडे जायचं म्हणत होतीस. मग इथं कसे आलो? झालंय काय मला?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. तुम्हीच हट्ट केलात, तुम्हीच पट्ट्या चिकटवल्या, तुम्हीच शेगडी आत ओढलीत, ही बाई मरता मरता वाचली. मला वाटलं, आता मॅडमही हेच बोलणार, आणि बोलल्या तर त्यांचं काही चुकलं असं मी म्हणाले नसते.

मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. "माझं मन बदललं," त्या म्हणाल्या. "मला डोंगर हवासा वाटला. तू नको नको म्हणत होतास. मीच हट्ट धरला."

"आणि दवाखान्यात कशानं आलो?"

"घरात फार थंडी होती. मी कोळशाची शेगडी आत आणली. खिडक्याही मीच बंद केल्या होत्या."

साहेबांच्या डोळ्यांतली भीती ओसरली आणि तिथं राग आला. आवाज नीट फुटत नव्हता, तरी ते बोलले. "बंद खोलीत कोळसा? तुला वेड लागलं होतं का? दोघंही मेलो असतो. तुला अक्कल कधी येणार?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "चुकलं माझं."

ते बोलत राहिले. मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या आणि साहेबांच्या खांद्यावरचं ब्लँकेट सारखं करत होत्या. मला तिथं उभं राहवेना. बाहेर व्हरांड्यात आले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

नवरा बाकावरून धडपडत उठला. "काय झालं गं? साहेब कसं हाईत?"

"बरं हाईत," मी म्हटलं. "बायकोवर खेकसाय लागल्यात."