आत्याच्या डाळिंबाची फांदी

आमच्या आत्याकडे मागाल ते मिळायचं. कुकरची शिट्टी, विरजण, लोणच्याची अख्खी बरणी. फक्त दारातल्या शोभेच्या डाळिंबाची फांदी लावायला मागितली, की वाक्य पुरं व्हायच्या आत "नाही" यायचं. त्यामुळे शनिवार पेठेतल्या त्या इमारतीत तिचा लौकिक 'उदार, पण फांदीपुरती कंजूष' असा चमत्कारिक होता.

झाड काही कंजूषपणा करण्याजोगं नव्हतं. फुलं लालभडक, सुरेख. पण फळ लिंबाएवढं आणि चव अशी, की एकदा चाखली की पाहुणा पुन्हा यायचा नाही. ते लावलं होतं काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी. काका गेले, झाड राहिलं, आणि मग झाडाला तेल्या झाला. हा जिवाणूंचा रोग. पानांवर तेलकट डाग पडतात, फळ काळं पडून तडकतं. आत्ता हे मी ठामपणे लिहितोय खरं; तेव्हा आत्या पान उजेडाकडे धरून विचारायची, "दिसला?"

"दिसला."

"कुठे?"

इथे माझं शिक्षण संपायचं.

तिचे नियमही मला चक्रावून टाकायचे. रोगट फांदी लगेच कापायची, पण पान ओलं असेल तर झाडाला बोटही लावायचं नाही. पाणी घालायचं, पण पानांवर उडता कामा नये. गळलेलं पान उचलून जाळायचं. आणि प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसायची. "अगं आत्या, त्याच झाडाची तर दुसरी फांदी," मी एकदा म्हणालो.

"तुझ्या एका हाताला खरूज झाली तर दुसऱ्यावर चोळतोस का?"

मोरचूद आणि चुना कालवून ती प्लास्टिकच्या बादलीत बोर्डो मिश्रण करायची. त्यात खिळा बुडवून बघायची; खिळा लाल झाला तर चुना कमी. ते फवारलं की झाड निळसर पांढरं व्हायचं आणि मला आधीपेक्षा जास्त आजारी वाटायचं.

"मग रोग आहे म्हणून सांग ना लोकांना. उगाच नाव खराब."

"कारण सांगितलं की लोक तोड काढतात. 'असू दे हो, आम्ही मारू औषध.' नुसतं नाही म्हटलं की रागावून घरी जातात. घरची डाळिंबं वाचतात त्यांची."

पुढे इमारत पाडायचं ठरलं. बिल्डरने प्रत्येकाला वाढीव जागा कबूल केली, झाडाला नाही. एवढं जुनं झाड हलणार नव्हतं. तेव्हा आत्याने पहिल्यांदाच त्याच्याकडे फांदी मागितली, स्वतःसाठी. कितीतरी दिवस ती एक निरोगी फांदी शोधत होती. सापडल्यावर तिची साल काढून, ओलं शेवाळ गुंडाळून गुटी बांधली. मुळं फुटली, तशी ती कापून कुंडीत लावली. तिच्या भाड्याच्या घरात ऊन नव्हतं म्हणून कुंडी आली माझ्या गॅलरीत.

"एक पावसाळा जाऊ दे," ती म्हणाली. "स्वच्छ राहिलं तर ते काकांचं झाड. डाग आला तर मुळासकट उपटून जाळ. मला विचारत बसू नकोस."

"आणि मला ओळखता नाही आला तर?"

"मग माझं दैव."

पाऊस संपायच्या आत आत्या गेली.

मी रोज सकाळी पान उजेडाकडे धरतो. ठिपका दिसतो. पुसला की जातो. तो बोर्डोचा असतो. दुसरा जात नाही. तो तेलकट आहे की माझा चष्मा? ते पान कापतो, कात्री पुसतो, पुसली का ते आठवत नाही म्हणून पुन्हा पुसतो. झाड जाळवत नाही, आणि स्वच्छ आहे असंही म्हणवत नाही. मधेच ते फुललंसुद्धा.

फुलं बघून शेजारच्या वहिनी आल्या. "अय्या, किती गोड! भाऊजी, एखादी फांदी..."

"नाही."

वहिनी रागावून घरी गेल्या. त्यांच्या गॅलरीत एक डाळिंब आहे. चांगलं तरारलेलं.