गोपनीय अहवालातलं एक विशेषण

एका चांगल्या माणसाबद्दल माझ्या हातून वाईट शब्द लिहिला गेला. ‘लिहिला गेला’ ही पळवाट झाली. मी लिहिला.

शनिवार पेठेतल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवतो. शिक्षकांच्या गोपनीय अहवालातले शेरे संस्थेला इंग्रजीत लागतात. मुख्याध्यापिका बाई ते माझ्याकडून लिहून घेतात आणि खाली सही करतात. स्टाफरूममध्ये हे कुणाला ठाऊक नाही, असं मी धरून चाललो होतो.

गणिताचे सर अठरा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतात. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी माझे तास घेतले. एकदा तर ईदच्या दुसऱ्या दिवशी, घरी पाहुणे असताना आले. या मार्चमध्ये मला सासरकडच्या एका मुंजीला जायचं होतं. बोर्डाच्या परीक्षेला माझ्याऐवजी सुपरव्हिजन कराल का, असं मी त्यांना विचारलं.

"नाही जमणार, सर."

कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आपल्याच माणसानं ऐनवेळी दगा दिला, एवढंच डोक्यात बसलं. मुंज चुकली, घरी बोलणी खाल्ली.

पुढच्याच महिन्यात अहवाल माझ्याकडे लिहायला आले. त्यांच्या नावापुढे आधी ‘अनहेल्पफुल’ लिहिलं आणि खोडलं. औषधाचा गुण आला नाही तरी ते अनहेल्पफुल. त्यात औषधाचा हेतू वाईट नसतो. मला हेतूच दाखवायचा होता. मी लिहिलं, ‘डिसऑब्लाइजिंग’. म्हणजे मदत करता येत असूनही मुद्दाम न करणारा. नेमका शब्द सापडल्याचा आनंदसुद्धा झाला.

असा शेरा त्या शिक्षकाला लेखी कळवावा लागतो. जूनमध्ये सर तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

"सर, इंग्रजी तुमचं खातं. याचा अर्थ सांगा."

मी सांगितला. वर्गात सांगतो तसा, उदाहरणासकट. बसमध्ये लोक उभे असताना शेजारच्या सीटवरची पिशवी न उचलणारा माणूस.

"अहो, मी तर कायम उभ्यानंच जातो!" ते म्हणाले.

मी हसलो. तो हसण्याचा आवाज मला अजून आठवतो.

उपमुख्याध्यापकपदासाठी त्यांचाच नंबर होता. शेऱ्यामुळे ते पद त्यांच्याहून धाकट्या शिक्षकाकडे गेलं. ज्या दिवशी हे जाहीर झालं, त्या दुपारी सर वह्या आवरत होते.

"हा शब्द आपल्या शाळेत तुमच्याशिवाय कुणाला येतो हो?"

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"अर्थ मी आधीच डिक्शनरीत बघितला होता. तुमच्याकडे आलो तो अर्थासाठी नाही. वाटलं, स्वतःहून सांगाल." मग वह्यांचा गठ्ठा बांधत म्हणाले, "परीक्षेच्या त्या दिवशी मुलीच्या नोकरीचा पहिला दिवस होता. तिला पार मांजरी गावापर्यंत सोडायला गेलो होतो. इतक्या वर्षांत एकदाच नाही म्हणालो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना आणि संस्थेला मी लिहून दिलं की शेरा माझा आहे आणि खोटा आहे. पदाचं आता काही होणार नाही, असं बाई म्हणाल्या. प्रार्थनेआधी सगळा स्टाफ बसलेला असताना मी उभा राहिलो.

"सर, तो शेरा मी लिहिला. रागानं लिहिला आणि तुम्ही अर्थ विचारलात तेव्हाही लपवला. तुमचं हक्काचं पद माझ्यामुळे गेलं. माझं चुकलं. मला माफ करा."