गेरीबाईंची डावी बिजागरी

गेरी पावलाक जवळ येताना दिसल्या की भलेभले गाडीवाले आपल्या गाडीचं बॉनेट हळूच खाली घेतात. मिशिगनमधल्या सॅगिनॉच्या आसपास जुन्या दांडगट गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्यांचा तोटा नाही. पण गाडीतला कुठला भाग कारखान्यातून आला आणि कुठला मागाहून कुणीतरी चिकटवला, हे ठरवायचं तर गेरीबाईच लागतात. लोक आपणहून त्यांना बोलावतात, कॉफी पाजतात, निकाल ऐकतात आणि मग महिनाभर त्यांच्याशी बोलत नाहीत.

एका दातांच्या डॉक्टरांनी मोठ्या थाटात गाडी दाखवायला आणली होती. गेरीबाईंनी भोवती एक चक्कर मारली, काचेच्या कोपऱ्यातला बारीक शिक्का पाहिला, दरवाजाच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"डॉक्टर, या गाडीत मूळचे फक्त तुम्ही आहात," त्या म्हणाल्या. "आणि तुमचेही पुढचे दोन दात बदललेले दिसताहेत."

ही विद्या त्या मामाच्या आवारात शिकल्या. मामाकडे मोडीत निघालेल्या गाड्या शेतातल्या पिकासारख्या उभ्या असत आणि पोरवयातल्या गेरीला त्यांचे भाग निवडून वेगळे करायचं काम असे. इतर मुली बाहुल्यांची लग्नं लावत, तेव्हा ही कार्बोरेटरांच्या पत्रिका जुळवत होती. ओतीव लोखंडावर ओतल्याची तारीख असते, काचेवर तिच्या महिन्याची खूण असते. गाडी मार्चमध्ये जन्मली आणि तिच्या पोटातला पंप जूनचा निघाला, तर तो पंप उपरा. "बारसं आधी आणि जन्म नंतर, असं गाडीत चालत नाही," हे गेरीबाईंचं आवडतं वाक्य. पुढे जन्मभर त्यांनी शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त केल्या, निवृत्त झाल्या आणि घरामागच्या गॅरेजात हक्काचं राज्य मांडलं.

तिथेच त्यांची थंडरहेड गाडी उभी आहे. कॅल्डर मोटर्स ही कंपनी बुडाली, तिचा कारखाना पाडून तिथे गाद्यांचं दुकान झालं, पण एकोणीसशे सत्तरची ही नारिंगी गाडी गेरीबाईंना शेजारच्या गावातल्या एका विधवेच्या कोठारात सापडली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. गेरीबाईंनी पहिल्यांदा इंजिनावरचा शिक्का पुसून पाहिला आणि तिथेच शेणात बसकण मारली. सगळं मूळचं! कोंबड्या सोडून.

सगळं म्हणजे, एक भाग सोडून सगळं. बॉनेटची डावी बिजागरी त्या गाडीची नव्हती. ती कॅल्डरच्याच मालट्रकची होती. तिला एक भोक जास्त आणि स्प्रिंग चांगली मनगटासारखी जाड. त्यामुळे बॉनेट उघडलं की डावीकडून जरा ताठ उभं राहायचं, एका भुवईनं रागावलेल्या माणसासारखं.

"बदलून टाका," जो तो म्हणे. खुद्द नवऱ्यानं, नॉर्बर्टनं, कुठून कुठून शोधून बरोबर बिजागरी मिळवली आणि गुलाबी कागदात बांधून गेरीबाईंच्या वाढदिवसाला दिली.

"नॉर्बर्ट, हे काय आहे?"

"तुला हवी होती ना."

"मला कशाला हवी असेल? माझी बिजागरी मूळची आहे!"

"अगं, ट्रकची आहे ती!"

"ट्रकची आहे. आणि मूळची आहे. दोन्ही."

नॉर्बर्ट शहाणा माणूस. तो पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, तळायला निघून गेला. ती वाढदिवसाची बिजागरी तेव्हापासून स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला टेकवलेली असते.

पण गेरीबाईंना एक गोष्ट मनापासून हवी होती, आणि ती नॉर्बर्टला ठाऊक होती. ऑगस्टमधल्या मेळ्यात थंडरहेडवाल्यांचं मंडळ 'मूळ गाडी' म्हणून एक पितळी पट्टी देतं. गेरीबाईंच्या शब्दावर दुसऱ्या कित्येकांना ती मिळाली होती. त्यांच्या स्वतःच्या गॅरेजची भिंत मात्र उघडी होती. बिजागरी बदलली असती तर पट्टी हमखास. न बदलता मिळवायची, हा बाईंचा हट्ट.

यंदा परीक्षक म्हणून हॉलिस ट्रंबल आले. हे गृहस्थ गाडीखाली शिरायला पांढरी शुभ्र इस्त्रीची पँट घालून येतात आणि तशीच शुभ्र घेऊन बाहेर निघतात. त्यांनी आरसा फिरवला, टॉर्च मारला, सगळीकडे मान डोलावली. मग डाव्या बिजागरीपाशी थांबले.

"पावलाकबाई, हिला एक भोक जास्त आहे."

"मोजता येतं म्हणजे तुम्हाला. आता बोल्टावर टॉर्च मारा."

बोल्टावर काळ्या रंगाचा एक ओघळ होता. कारखान्यात बिजागऱ्या बसवून झाल्यावर आतून काळा फवारा मारत, तेव्हाचा. तो बोल्टाच्या डोक्यावरून उतरून बिजागरीवर येऊन सुकला होता, अखंड, केसभरही चीर नाही. म्हणजे त्या बोल्टाला तेव्हापासून कुणी हातही लावलेला नव्हता.

"रंग मागाहूनही मारता येतो," ट्रंबल म्हणाले. "आणि कारखाना ट्रकची बिजागरी गाडीला का लावेल?"

गेरीबाईंनी दरवाज्यावरची पत्र्याची पाटी दाखवली. तीवर गाडी बनल्याची तारीख होती: नोव्हेंबर, तिसरा आठवडा.

"ट्रंबलसाहेब, गेल्या वर्षी हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"रानात. कुठे असणार?"

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"रानात."

"तुमच्या मुलीचं लग्न नोव्हेंबरात निघालं होतं म्हणे."

"पुढे ढकललं," ट्रंबल जरा लाजून म्हणाले.

"मग मला सांगा, त्या आठवड्यात कारखान्यात डाव्या बाजूच्या बिजागऱ्या कोण बसवत होतं? पक्का माणूस झाडावर बंदूक घेऊन बसलेला. त्याच्या जागी ट्रकच्या बाजूचा कुणीतरी ओढून आणला असेल. तो येताना आपल्या बिजागऱ्यांची पेटीही घेऊन आला!"

जमलेले लोक खो खो हसले. मिशिगनमध्ये असा एकही माणूस नव्हता ज्याला हे पटलं नसतं. ट्रंबलही हसले, पण नियम तो नियम.

"कारण पटलं. पुरावा हवा. बोल्ट थोडा फिरवू द्या. डोक्याखाली कोरा धातू निघाला, म्हणजे रंग बोल्ट बसल्यावरचाच ठरला, तर पट्टी तुमची."

गेरीबाईंचा चेहरा उतरला. खाली कोराच धातू होता याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पण बोल्ट फिरला की ओघळ तुटणार. पट्टी मिळणार आणि जिच्यासाठी मिळणार तीच गोष्ट त्या क्षणी संपणार.

"गेरी," नॉर्बर्ट हळूच म्हणाला, "नको असेल तर घरी जाऊ. भिंतीवर मी घड्याळ लावीन."

गेरीबाईंनी खिशातून पाना काढला आणि ट्रंबलांच्या हातात ठेवला.

"मी फिरवणार नाही. तुम्ही फिरवा. आणि आपल्या कागदावर लिहा, त्या शिकारीच्या आठवड्यापासून या बोल्टाला हात लावणारा पहिला माणूस हॉलिस ट्रंबल."

ट्रंबलांनी पाना बोल्टावर बसवला. दंडाला ताण दिला. त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब आला, इस्त्रीच्या पँटवर पडला, तरी त्यांनी तो पुसला नाही. मग त्यांनी ताण सोडला आणि पाना अलगद काढून घेतला, झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून हात काढावा तसा.

"हरामखोर झाडावर बसला होता," ते पुटपुटले. "माझा काका त्या कारखान्यात असता तर तोही गेला असता." आणि त्यांनी कागदावर बिजागरीसमोर लिहिलं, 'मूळची'.

पट्टी मिळाली. एक गुण मात्र कापला. बॉनेटला चकाकी फार, कॅल्डरच्या कारखान्यानं इतकी कधी दिली नाही, असा शेरा. घरी येईपर्यंत गेरीबाई नॉर्बर्टला फैलावर घेत होत्या, कारण पॉलिश त्यानं मारलं होतं.

पट्टी आता गॅरेजच्या भिंतीवर आहे, पण लोक ती पाहायला येत नाहीत. लोक बॉनेट उघडायला सांगतात आणि त्या काळ्या ओघळासमोर टोप्या काढून उभे राहतात. गेरीबाई बाजूला कमरेवर हात ठेवून उभ्या असतात, बिजागरी जणू त्यांनीच प्रसवली.

फक्त नोव्हेंबरच्या मध्यावर येऊ नका. गॅरेजला कुलूप असतं. त्या दिवसांत मी कुणाच्या गाडीला हात लावत नाही, त्या हंगामातल्या कामाचा भरवसा नसतो, असं त्या गंभीरपणे सांगतात. आणि बंदूक उचलून रानात जातात.