मिना फ्लेटचं नाक

मिना फ्लेटने आयुष्यात व्हिस्कीचा थेंबही जिभेला लावला नाही, आणि आमच्या डिस्टिलरीत व्हिस्की तिच्याइतकी कोणालाच कळली नाही. एवढं कबूल करायला मला एकोणीस वर्षं लागली. अजूनही लिहिताना बरं वाटत नाहीच.

विल्यमिना हे तिचं पूर्ण नाव. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातली, ब्रेदरन पंथाची. त्या लोकांत दारू म्हणजे पाप, आणि रविवारी शीळ वाजवली तरी पाप. नवरा हेरिंग मासे धरणाऱ्या बोटीवर होता. तो गेल्यावर ती पोटासाठी आमच्याकडे, स्पे नदीकाठी, ग्लास धुवायला आली. पाहुण्यांचे ग्लास, शिकवणीच्या वर्गाचे ग्लास, वरच्या मजल्यावर नमुने तपासतात तिथले ग्लास, सगळे तिच्याच मोरीत. सकाळी आठची बस, दुपारी चारची परत. चारची तिनं कधी चुकवली नाही. दारूच्या कारखान्यात कशी काय कामाला, म्हणून कोणी चिडवलं की म्हणायची, "तुम्ही बनवता, मी धुऊन टाकते. देवाची नोकरी कोणाची, सांगा बरं."

मी आर्ची गेडेस. तेव्हा गरम पाण्यात बार्ली कालवतात त्या हौदावर होतो. आजा इथलाच, बाप इथलाच, आणि दोघांनी वरच्या नमुन्यांच्या खोलीचा जिना कधी चढला नाही. मला तो चढायचा होता. दुसरं काही नको होतं मला.

म्हणून मी एल्स्पेथ ऑगिल्वीच्या वर्गात नाव घातलं. वरची खोली तिच्या ताब्यात होती, आणि दर गुरुवारी दुपारी ती आम्हा कामगारांना व्हिस्की ओळखायला शिकवायची. आम्ही सगळे एका घोटात ग्लास रिकामा करणारे! तिनं पहिल्याच दिवशी हात धरला. "नाक बुडवू नका, तोंड जरासं उघडं ठेवा. आधी वास घ्या, मग थांबा, मग पुन्हा. दोन थेंब पाणी घाला. घोट छोटा, आणि तो जिभेवर फिरू दे. मग आठवेल ते लिहा. बाटलीवरचं नको, तुमच्या आयुष्यातलं."

मी वहीत लिहिलं, 'व्हिस्की'. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

पण मी हट्टाला पेटलो. घरी डोळ्यांवर रुमाल बांधून बायकोचे मसाल्याचे डबे हुंगायचो. "कुत्रं पाळलं असतं तर परवडलं असतं," ती म्हणायची. सहा महिन्यांनी मला नासपती सापडली, वर्षाने मध, दीड वर्षाने ओल्या पाटीचा वास. प्रत्येक वासासाठी घाम गाळला होता मी.

अशाच एका गुरुवारी एल्स्पेथने पाच ग्लास मांडले. तिसऱ्यावर आम्ही सगळे खूष. मी तर लिहिलं, 'जुनं लाकूड, अक्रोड, प्रतिष्ठित.' वर्ग संपला, मिना ट्रे घेऊन आली. ग्लास कोरडे पडले होते. धुण्याआधी ती एकेक नाकाशी नेऊन खाली ठेवायची, तशी तिची सवयच होती. तिसऱ्यापाशी तिनं तोंड वाकडं केलं.

"काय गं?" एल्स्पेथने विचारलं.

"काही नाही, बाई. पावसात भिजलेला पुठ्ठा शेडमध्ये कुजत पडतो ना, तसं येतंय. बूच खराब असेल."

एल्स्पेथने बाटली उघडून हुंगली, दुसरी आणून ताडून पाहिली. बूच खराबच होतं. मग ती माझ्या वहीकडे बघून म्हणाली, "प्रतिष्ठित!" पुढचा महिनाभर हौदावर माझं नाव तेच पडलं होतं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय! दोन वर्षांची माझी मेहनत, आणि ही बाई रिकाम्या ग्लासातून सांगते! आणि ते एकदाच नव्हे. "हे पिंप थकलंय, आता यातून काही निघायचं नाही." "या ग्लासात आमच्या धुरीघरातला हॅडक मासा आहे." तिच्याकडे वहीही नव्हती. त्यात गर्व असता तर मला निदान तिचा राग करता आला असता. ती ग्लास पुसायची आणि घड्याळाकडे बघायची.

त्या वसंतात वरच्या खोलीत मदतनिसाची जागा निघाली. एल्स्पेथने मला बोलावलं. मी टोपी काढून उभा, ती हातात पिळतोय.

"आर्ची, मला ग्लासगोची गाडी गाठायचीय. मिनाला एवढं विचार, सोमवारी चाचणीला येशील का. आली तर जागा तिची. नाही तर तू ये."

बघा, नाही तर तू!

टोपी तशीच पिळत मी खाली गेलो. मिना मोरीशी उभी होती. नमुन्यांच्या खोलीत कोणी गिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिथं फक्त हुंगायचं असतं. दिवसाला शंभर नमुने कोण पिणार? पिणारा दुपारपर्यंत आडवा होईल. पण मी म्हणालो, "मिना, वरच्या जागेसाठी तुझं नाव आहे. पण प्यावं लागतं गं. रोज चाळीस-पन्नास घोट."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मग नको," ती म्हणाली. "सांग त्यांना."

मी सांगितलं, धर्मात बसत नाही म्हणते. धर्माचं कारण आलं की आमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. एल्स्पेथ एवढंच म्हणाली, "फार वाईट झालं." सोमवारी मी जिना चढलो.

एकोणीस वर्षं मी वर बसलो. शेवटची सहा तर एल्स्पेथच्याच खुर्चीत. अडलं की काहीतरी निमित्त काढून मोरीशी घुटमळायचो, मिना ग्लास हुंगताना काय पुटपुटते ते ऐकायचो, आणि वर येऊन तेच वहीत माझ्या अक्षरात उतरवायचो. तिच्याबद्दलचा मत्सर गेला नाही. मनात एकच समाधान धरून ठेवलं होतं: नाक तिचं असेल, पण डाव मी मारला.

मी निवृत्त झालो, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिच्या गावी गेलो. ती त्याआधीच काम सोडून घरी बसली होती. चुलीवर धुरी दिलेल्या हॅडकचं, बटाटे आणि दूध घातलेलं सूप होतं. मी बसलो, आणि एका दमात सगळं ओकलो. "मिना, मी खोटं बोललो होतो. वर कोणी पीत नाही."

ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे पोरा, वरचे ग्लास धुवायचं कोण?"

मला काही कळेना.

"भरलेले यायचे खाली. जसेच्या तसे. बादल्याच्या बादल्या ओतल्यात मी. पीत असते तर माझ्याकडे भरलेले कशाला आले असते?"

"म्हणजे तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

"तू बोलत होतास तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी टोपी बघितलीस का तेव्हा? पिळून पिळून फडकं केलं होतंस. एवढ्या मोठ्या माणसाला इतकं हवं असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं." तिनं कांदा भांड्यात लोटला. "आणि मला नकोच होतं ते. वर साडेपाचपर्यंत बसावं लागतं. माझी बस चारची."

तिनं रागावून मला घराबाहेर काढलं असतं तर मी सुखाने गेलो असतो. चोरलेली वस्तू निदान चोराच्या हिमतीची तरी असते. ही तर तिनं मला, जुना कोट द्यावा तशी, देऊन टाकली होती. एकोणीस वर्षं मी तिच्यावर जळलो, आणि ज्यासाठी जळलो त्याची तिला बसच्या तिकिटाइतकीही किंमत नव्हती. त्या क्षणी तर मी पूर्वी कधी जळलो नव्हतो इतका जळलो.

"मिना," मी कसाबसा म्हणालो, "निदान रागव तरी."

ती झटकन उठली. मला वाटलं, आता बोलेल.

"सरक, आर्ची," ती म्हणाली, "दूध खाली लागतंय."

मी चुलीकडे पाठ करून, तिच्या अगदी जवळ बसलो होतो. मला वास आला नव्हता.