सरांना आवडेल अशी चाल

मुलं आत बुद्धिबळ खेळतात आणि आम्ही आया बाहेर पायऱ्यांवर बसतो. बसून बसून किस्से साठतात. माझ्याकडे हसण्यासारखे थोडेच साठलेत.

बालीगंजच्या या क्लासची एक रीत आहे. डाव देखणा जिंकला की सर सगळ्या मुलांना टाळ्या वाजवायला लावतात. नुसता जिंकला की 'हं' म्हणतात. माझी नऊ वर्षांची जुई सारखी जिंकते. घरी सारखं 'हं' घेऊन येते.

*

एकदा जुईने वजिराला वजीर मारून पट मोकळा केला, एक प्यादं हळूहळू शेवटच्या घरात नेलं आणि जिंकली. सर बाहेर येऊन हिंदीत म्हणाले, "भाभीजी, मुलगी कारकुनासारखी खेळते."

मी म्हटलं, "सर, हिचे बाबा फौजेत, फोर्ट विल्यमला हवालदार आहेत. घरात कारकून झाला तर आम्ही पेढे वाटू."

सर हसले. मी नाही हसले.

*

देशपांडे वहिनी म्हणजे बँकेतल्या साहेबांच्या मिसेस. त्यांची सानिका जुईच्याच बॅचला. तिने एकदा वजीर फुकट देऊन मात केली. वहिनींनी व्हिडिओ सगळ्यांना पाठवला आणि मला विचारलं, "तुला कळलं का गं त्यातलं?"

"थोडं."

"शाळा सातवीपर्यंतच ना तुझी? असू दे. नजर लागते त्याला."

पुढच्या डावातही सानिकाने वजीर फुकट दिला आणि हरली. त्याचा व्हिडिओ काही आला नाही.

*

दिल्लीला स्पर्धेसाठी जाणाऱ्या टीममध्ये मुलींची एकच जागा होती. आमची बदली कधीही येईल, मग हा क्लासही सुटेल. रात्रंदिवस मला तोच घोर. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग सरांना आवडतं तसं खेळायला सांग तिला."

सांगितलं. वेणी घालताना सांगितलं, डबा भरताना सांगितलं. "देखणं खेळ गं जुई." देखणं म्हणजे काय, ते मला कुठे ठाऊक होतं.

*

निवडीचा डाव जुई आणि सानिकाचा लागला. सर आधीच म्हणाले, "मी निकाल नाही, खेळ बघणार."

मी काचेतून बघत होते. जुईकडे एक हत्ती जास्त होता. वजिरांची मारामारी केली की हत्ती उरतो, डाव खिशात. इतकं मलाही दिसत होतं.

जुई बराच वेळ बसून राहिली. एकदा सरांकडे बघितलं आणि वजीर देऊन टाकला.

"आहा," सर म्हणाले.

सानिकाचा राजा बाहेर पळाला. जुई शहावर शह देत राहिली, मात काही होईना. शेवटी डाव बरोबरीत सुटला. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या आणि टीममध्ये जुईचं नाव घातलं. वहिनी माझ्याकडे न बघता "अभिनंदन" म्हणाल्या.

बसमध्ये मी विचारलं, "वजिराला वजीर मारायची चाल दिसली नाही का गं?"

"दिसली होती."

"मग?"

"आई, ती खेळून जिंकले असते, तर सरांनी मला घेतलं असतं का?"